अनंताच्या खुणेपुढे

हे कुणाला सांगायचं नाही, असं बाबांनी मला बजावलं होतं. आईला तर नाहीच नाही. मी शब्द दिला होता, आणि शब्द पाळणं मला एरवी जड जात नाही, कारण मी मुळातच कमी बोलते. दादा मला ‘मूग’ म्हणायचा. मूग गिळून गप्प बसलेली, म्हणून मूग. आता मात्र सांगायला हवं. तोंडाने सांगणं मला जमणार नाही, म्हणून लिहिते आहे. दार लोटून घेतलं आहे, टेबलावरचा दिवा जवळ ओढला आहे. तुम्हीही जरा जवळ या, म्हणजे मला धीर येईल.

सुरुवात अगदी साध्या कामाने झाली. शाळा सुटल्यावर दादा मला घ्यायला आला आणि म्हणाला, “चल, भिंगकाकांकडे जाऊन येऊ. तोफेची कडी तयार झालीय.”

तोफ म्हणजे एक जुनी लेन्स. दादाला तलावावरच्या पाणपक्ष्यांचे फोटो काढायचा नाद होता. इतक्या लांबचं टिपणारी नवी लेन्स बाबा त्याला जन्मात घेऊन देणार नव्हते, म्हणून त्याने जुन्या बाजारातून ही शोधून आणली होती. माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब आणि पाइपासारखी जाड. काळा रंग कडांना उडून आतलं पितळ दिसत होतं. पुढची काच बशीएवढी, तिच्यात जांभळी झाक. हातात घेतली की मनगट खाली जायचं. तिला एकच रुंद रिंग होती. ती पुढेमागे सरकवली की चित्र जवळ किंवा लांब व्हायचं, आणि तीच गोल फिरवली की फोकस लागायचा. रिंगच्या कडेला अंतराचे आकडे कोरलेले होते. जवळच्या टोकाला सगळ्यात लहान आकडा, मग वाढत वाढत जाणारे, आणि लांबच्या टोकाला आडव्या आठासारखी खूण. ती अनंताची.

भिंगकाका बाबांचे जुने मित्र. कॅमेरे दुरुस्त करतात. दुकान कसलं, जिन्याखालची खोली. आत मशीनच्या तेलाचा आणि स्पिरिटचा वास. काका एका डोळ्याला भिंग लावून बसलेले असतात आणि बोलतानाही ते काढत नाहीत, त्यामुळे त्यांचा एक डोळा नेहमी आपल्यावर रागावल्यासारखा वाटतो.

“आले का तोफखान्याचे सरदार!” ते दादाला म्हणाले. “काय रे, पाखरं टिपायला आणलीस ही, की पाडायला?”

“काका, कडी बसली का सांगा.”

जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर थेट बसत नाही. मध्ये धातूची एक कडी लागते. काकांनी ती स्वतः तासून बनवली होती. त्यांनी ती लावून दाखवली आणि जरा खजील होऊन म्हणाले, “तासताना हात केसभर जास्त चालला. थोडी पातळ झालीय. म्हणजे काय होईल, रिंग अनंताच्या खुणेवर अडणार नाही, थोडी पुढे जाईल. पुढे गेली की सगळं धूसर. मग परत मागे यायचं, बस. जाड होण्यापेक्षा पातळ बरी. जाड झाली तर लांबचं कधीच स्पष्ट दिसत नाही.”

मी विचारलं, “अनंताच्या पुढे काय असतं, काका?”

“अरे, मूग बोलला!” दादा ओरडला.

काका हसले. “अनंताच्या पुढे काय असणार, बाळा? काही नाही. म्हणून तर धूसर दिसतं.”

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. हॉलच्या खिडकीतून समोर सगळा तलाव दिसतो, आणि पलीकडच्या काठावर पंपघराची बुटकी इमारत. त्या संध्याकाळी बाबांनी दुकानातला नवा कॅमेरा घरी आणला. बाबांचा फोटो स्टुडिओ आहे. शाळांचे वर्गाचे फोटो, लग्नं, पासपोर्ट, सगळं करतात. त्यांनी कडीने तोफ जोडली, कॅमेरा सुरू केला, तर पडद्यावर आलं, ‘लेन्स लावलेली नाही’.

“बघ,” बाबा दादाला म्हणाले, “एवढं धूड तोंडावर बसलंय आणि याला ते दिसतच नाही.”

त्यांनी सेटिंग बदललं. मग दुसरं एक सेटिंग लावलं, ज्याने फोकसमध्ये येणाऱ्या वस्तूच्या कडा पडद्यावर लाल होतात. नवे कॅमेरे आपला फोकस आपण लावतात. जुन्या लेन्सला ते जमत नाही, तेव्हा त्या लाल रेघांवर भरवसा ठेवायचा. आणि एक गोष्ट बाबांनी आम्हाला दोघांनाही पुन्हा पुन्हा सांगितली.

“ही उचलताना कॅमेऱ्याला धरायचं नाही. कधीच नाही. सगळं वजन कॅमेऱ्याच्या तोंडावर येतं आणि तोंड उचकटतं. हात लेन्सखाली घालायचा. तान्ह्या बाळाच्या मानेखाली घालतो ना, तसा.”

दादाने तोफ तशीच उचलून तिला जोजवली. आई भाजी चिरता चिरता हसली. आमच्या घरातलं ते शेवटचं हसू म्हणता येईल. निदान मी तरी शेवटचं खरं तेच धरते.

दोन दिवसांनी दादा होडी घेऊन तलावात गेला. पलीकडच्या काठावर पक्ष्यांची घरटी होती. जाताना म्हणाला, “बाबा, मी मध्ये पोचलो की उभा राहून हात करतो. खिडकीतून फोटो काढा. बघू तरी तोफ कुठवर मारते.”

बाबांनी खिडकीत ट्रायपॉड लावला. मी शेजारी उभी होते. दुपारचं स्वच्छ ऊन होतं. होडी बोटभर दिसायला लागली आणि तिच्यात दादा उभा राहिला. दोन्ही हात वर केले.

आता नीट समजून घ्या, कारण सगळं इथेच आहे. बाबा तरुणपणी असल्याच लेन्स वापरत. तेव्हाची सवय अशी की लांबचं काही दिसलं की रिंग सरळ शेवटपर्यंत फिरवायची. जिथे ती अडेल तिथे अनंत, आणि तिथे लांबचं सगळं स्पष्ट. हाताला ती सवय होती. त्यांनी रिंग अडेपर्यंत फिरवली. पण आमची कडी पातळ. रिंग अनंताच्या पुढे गेली.

“दिसत नाहीये... काय झालंय याला... दिसत नाहीये,” बाबा म्हणत होते, आणि तसेच बटण दाबत होते.

“बाबा, थोडं मागे या,” मी म्हटलं. “काका म्हणाले होते.”

बाबांनी रिंग मागे घेतली. होडी एकदम स्वच्छ झाली. तिच्या चारी कडा लाल उमटल्या. होडीत कुणी नव्हतं.

पाणबुडे आले. जाळी टाकली. पुष्कळ दिवस शोधलं आणि मग थांबवलं. काहीच मिळालं नाही, चप्पलसुद्धा नाही.

बाबांनी दुकान उघडणं सोडलं. ते त्या खिडकीत बसून राहायचे. आई दवाखान्यात रिसेप्शनवर काम करते. ती सकाळी जायची तेव्हा ते तिथे असायचे आणि परत यायची तेव्हाही तिथेच. आई त्या लेन्सकडे बघतही नसे. तिचं नावही घेत नसे. एकदा म्हणाली, “ते तिथून काढा हो. निदान त्याला कापड तरी घाला.”

“मी त्याला धूसर बघितलं,” बाबा म्हणाले. “शेवटचं बघायचं तेही मी...”

“अहो, ही पोर आहे अजून. हिच्याकडे बघा.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे मान वळवली, इतकंच.

मग एका दुपारी मी शाळेतून आले तर बाबांनी मला मनगटाला धरून खिडकीशी नेलं. त्यांचा हात गार होता.

“रिंगला हात लावू नको. नुसतं बघ.”

मी डोळा लावला. सगळं करडं, धूसर. पाणी नाही, आकाश नाही, पंपघर नाही. रिंग शेवटपर्यंत फिरवलेली होती, त्या दिवशीसारखी. मी डोळा काढणार, तेवढ्यात त्या करड्यात मधोमध एक बारीक लाल रेघ दिसली. ती हलली. मग तिच्याशेजारी दुसरी. लहान मूल पेन्सिलीने माणूस काढतं तसा कॅमेरा तिथे माणूस काढत होता. डोकं, खांदे, वर केलेले दोन हात.

“दिसला?” बाबांचा आवाज अगदी कानाशी.

“कोण आहे, बाबा...?”

“माझं चुकलंच नव्हतं गं. मी फोकस बरोबर लावला होता. तो तिथेच होता. बाकीचं जग तिथे नव्हतं, एवढंच.” ते हसत होते आणि रडत होते. “आईला सांगायचं नाही. ती हे काढून टाकेल. शब्द दे.”

मी शब्द दिला. दुसरं काय करणार? इतक्या दिवसांत बाबा माझ्याशी पहिल्यांदाच एवढं बोलले होते.

फोटो काढला तर त्यात काही यायचं नाही, नुसतं करडं. पण डोळा लावला की तो असायचा. हळूहळू लाल रेघांच्या आत रंगही दिसायला लागला. उभ्या रेघांचा शर्ट. दादाचाच. ओले, चिकटलेले केस. हात आता खाली आले होते. आमच्याकडे पाठ करून उभा होता.

बाबांना जवळचं वाचायला चष्मा लागतो, आणि चष्मा लावून कॅमेऱ्यात बघता येत नाही. त्यामुळे एक काम माझ्याकडे आलं. बाबा डोळा लावून रिंग फिरवायचे आणि तो स्पष्ट झाला की विचारायचे, “कुठे आहे?” मी रिंगवरची खूण वाचायची. सुरुवातीला खूण अनंताच्या पुढे असायची. मग एकदा ती नेमकी आडव्या आठावर आली. आणि त्यानंतरच्या दुपारी मी वाचलं, आणि पुन्हा वाकून वाचलं. खूण अनंताच्या अलीकडे होती. तिथे आकडे सुरू होतात.

“कुठे आहे गं?”

“बाबा, तो... जवळ आलाय.”

“येणारच,” बाबा म्हणाले. “घरी येणारच ना तो.”

रोज थोडा. आधी तो तलावावर होता, मग काठावर. मग खालच्या रस्त्याच्या वर, आमच्या मजल्याच्या उंचीला, हवेत. मी कॅमेऱ्यातून डोळा काढून नुसत्या डोळ्यांनी त्या जागी बघायची. खाली माणसं चालत असायची, समोरच्या गच्चीवर कपडे वाळत असायचे, आणि त्या जागी काही नसायचं. फक्त खिडकीतून वास यायचा. तळ्याच्या गाळाचा आणि खूप वेळ हातात धरलेल्या किल्लीचा. मी आईला विचारलं होतं, “तुला कसला वास येतोय का?” ती म्हणाली, “मला कसलाच वास येत नाही गं हल्ली.”

एक दिवस बाबांनी ट्रायपॉड खिडकीतून उचलला आणि हॉलच्या आतल्या भिंतीला नेऊन टेकवला. खुर्ची सरकवली, टेबल बाजूला केलं.

“असं का?”

“याच्याहून जवळ आला तर फोकस लागणार नाही. आत जागा करायला हवी.”

त्यांनी खिडकी पूर्ण उघडली.

त्या दिवशी मी जे बघितलं ते सांगते. तो जवळ होता, त्यामुळे शर्ट अगदी स्वच्छ दिसत होता, शिवणीसकट. दादाच्या कॉलरची एक बाजू नेहमी आत दुमडलेली असायची, तशीच होती. मी ती बघत होते आणि मग माझी नजर खाली आली. शर्टाला बटणं होती. मधोमध, एकाखाली एक. खिसा होता.

म्हणजे त्याची पाठ आमच्याकडे नव्हती. पहिल्यापासून नव्हती. तो समोर तोंड करूनच येत होता. फक्त कॉलरच्या वर, जिथे तोंड असायला हवं तिथे, ओले केस होते.

“बाबा... बटणं... बटणं आपल्या बाजूला आहेत.”

बाबांनी स्वतः डोळा लावून बघितलं. मग म्हणाले, “घाईत शर्ट उलटा घातला असेल. तुझ्या दादाला कधी नीट कपडे घालता आलेत?”

तेवढ्यात लेन्स आपोआप हलली. ही रिंग सैल होती. तोफेचं तोंड खाली असलं की ती स्वतःच्या वजनाने खाली घसरायची, हे आम्हाला माहीत होतं. पण आत्ताही तोंड थोडं खालीच झुकलेलं होतं, आणि रिंग वर सरकली. घस्... घस्... हळूहळू, चढावर. कुणीतरी पुढून धरून ढकलावी तशी. मी कॅमेऱ्यात बघितलं तर पूर्ण चित्रात नुसते केस होते, आणि त्यांतून पाणी खाली ओघळत होतं.

मी म्हटलं, “बाबा, तो दादा नाही.”

ते रागावले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, “नसेल. पण दुसरं कुणी येतंय का, सांग.”



दुसऱ्या दिवशी आईची संध्याकाळची पाळी होती. दिवे लागायची वेळ झाली होती, तरी बाबांनी दिवा लावू दिला नाही. ते रिंग फिरवत होते आणि मी वाकून वाचत होते. रिंग सगळ्यात लहान आकड्यावर येऊन अडली. टक्.

“बाबा, आता पुढे फिरत नाही.”

“म्हणजे आला,” बाबा म्हणाले. ते उठले, शर्ट नीट केला, केसांवरून हात फिरवला. पाहुणे येणार असले की करतात तसं. “तू बघत राहा. मी तिथे जाऊन उभा राहतो. मला तो दिसणार नाही, तू सांग.”

“नका जाऊ... बाबा, नका ना...”

ते खिडकीपाशी गेले आणि बाहेर तोंड करून, हात थोडे पसरून उभे राहिले. मी डोळा लावला. लेन्सखाली तळवा धरला. बाबांची पाठ स्वच्छ दिसत होती. भोवती लाल रेघ. बाकी कुणी नाही.

“आहे का?”

“मला फक्त तुम्ही दिसताय.”

मग ती रेघ दुहेरी झाली. बाबांच्या कडेने एक, आणि तिच्या किंचित आत दुसरी. दोन्ही थोड्या थरथरल्या आणि एक झाल्या. खिडकीचा पडदा वाऱ्याने आत उडत होता, तो तसाच थांबला.

“बाबा...? वळा ना. बाबा, माझ्याकडे वळा.”

ते वळले. शर्टाची बटणं दिसली, खिशातलं पेन दिसलं. कॉलरच्या वर केस होते.

मी किंचाळून डोळा काढला. समोर बाबा उभे होते. तोंडासकट, नाकडोळ्यांसकट, नेहमीचे बाबा. हसत होते.

“झालं,” ते म्हणाले. “खिडकी लाव. गार वारा येतोय.”

आणि ते आले, ट्रायपॉडवरून तोफ सोडवली आणि एका हाताने कॅमेऱ्याला धरून उचलली. सगळी लेन्स खाली लोंबत होती. कॅमेऱ्याचं तोंड करकरलं. त्यांना ते ऐकूही आलं नाही.

त्यानंतर आमच्या घरात सगळं छान झालं. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाही, खरंच झालं. बाबांनी दुकान उघडलं. दाढी केली. पोटभर जेवायला लागले. आईला म्हणाले, “किती वाळलीस तू,” आणि आई ओट्याला धरून रडली, आणि मग हसली. रात्री माझ्या अंथरुणावर बसून म्हणाली, “माणूस परत आला गं. माझ्या जिवात जीव आला.” मी तिच्या कुशीत तोंड घातलं म्हणून तिला माझं तोंड दिसलं नाही. तिला सांगितलं असतं तर हे एवढंसं सुखही मी हिसकावून घेतलं असतं. आणि सांगणार तरी काय? ते दादाचं नावही घेत नाहीत, असं? ते तिला चांगलंच वाटत होतं. चष्म्याशिवाय बारीक अक्षर वाचतात, असं? ती म्हणाली असती, बरं झालं, नंबर उतरला.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. मी कपाटातून तोफ काढली, हात खाली घालून, आणि कॅमेऱ्यावर लावली. तोंड तलावाकडे केलं. रिंग शेवटपर्यंत फिरवली, अनंताच्या पुढे.

करड्यात लाल रेघा उमटल्या. मग रंग. तिथे बाबा होते.

लहानसे, खूप लांब. तोंड आमच्या घराकडे. आणि तोंड होतं. त्यांचंच. ते काहीतरी बोलत होते, तेच तेच, न थांबता. मी खिडकीतून दोन्ही हात हलवले. त्यांना मी दिसत नव्हते, किंवा हात हलवायचं त्यांना सुचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते जरा धूसर होते. तिसऱ्या दिवशी अजून. मला कळायला वेळ लागला नाही. ते आणखी पुढे जात होते, आणि रिंग तर शेवटाला येऊन अडलेली होती. तिच्यापुढे फिरायला जागाच नव्हती.

मी कडी खिशात घालून भिंगकाकांकडे गेले.

“काका, ही अजून पातळ करून द्या.”

“वेडी की काय? लोक जाड करून मागतात. अनंताच्या पुढे कशाला जायचंय तुला?”

माझ्या डोळ्यांत पाणी होतं. काकांनी पहिल्यांदाच भिंग काढलं.

“अगं, आता कशाला रडतेस? तुझा बाप बरा झालाय. परवा तोफ घेऊन येऊन गेला, काय हसत होता!” त्यांनी कडी बोटांत फिरवली. “फक्त... तोफ कॅमेऱ्याला धरून उचलली त्याने. मी ओरडलो, अरे गाढवा, तूच मला शिकवलंस ना हे! तर नुसता बघत राहिला माझ्याकडे. मी गंमत करतोय का शिवी देतोय, हे कळत नसल्यासारखा.” मग त्यांनी कानस उचलली. “देतो करून. पण हे शेवटचं. याच्यापुढे तासली तर कडी उरायची नाही, नुसता कागद होईल.”

त्या कडीने बाबा पुन्हा स्पष्ट झाले. शेवटचं, हे मला ठाऊक होतं, म्हणून मी डोळ्यांत तेल घालून त्यांचे ओठ बघितले. बघायचं आणि आरशासमोर जाऊन तसे ओठ करायचे. पुन्हा बघायचं, पुन्हा आरसा. शेवटी माझ्याच तोंडातून ते आरशात बाहेर पडलं.

“आईला सांग.”

तेच म्हणत होते ते. आईला सांग. आईला सांग.

मी ठरवलं. आज शाळेतून आले की आईला सांगायचं. ती रडली तरी, मला वेडी म्हणाली तरी. आज तिची सुट्टी होती. शाळेत माझं कशात लक्ष नव्हतं. मी वाक्य पाठ करत होते. घरी धावत आले. जिन्यातच मला ऐकू आलं, आई गुणगुणत होती.

हॉलमध्ये आतल्या भिंतीला ट्रायपॉड लावलेला होता. त्यावर तोफ. खिडकी सताड उघडी. घरातले बाबा सोफ्यावर पाय पसरून बसले होते. म्हणाले, “आईचा फोटो काढला आज. किती वर्षांत काढला नव्हता. छान उभी राहिली.”

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या अंगात घरातला निळा गाऊन होता. ती माझ्याकडे बघून हसली. पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडात तसंच राहिलं.

ते दोघं आत चहा घेत होते तेवढ्या वेळात मी तोफ खिडकीशी नेली. रिंग शेवटपर्यंत फिरवली. बाबा होते, आता धुरासारखे. आणि त्यांच्या शेजारी, अजून स्वच्छ, अजून प्रत्येक कड लाल असलेली, निळ्या गाऊनमधली आई. दादा नव्हता. मी सगळीकडे शोधलं. दादा तिथे कधी नव्हताच.

तेव्हापासून मी या खोलीत आहे आणि लिहिते आहे. बाहेर दिवे लागायची वेळ झाली.

आई हाक मारतेय.

“अगं, ये ना बाहेर! उजेड जाईल मग. बाबांनी तोफ लावून ठेवलीय बघ तुझ्यासाठी.”

आईने तिला तोफ म्हटलं.

‘आले’ असं मी सांगितलंय. पण एक राहिलं, ते लिहूनच उठते. मघाशी बघितलं तेव्हा आई आणि बाबा एकमेकांना लागून उभे नव्हते. दोघांनी मध्ये जागा सोडली होती, आणि आईने त्या जागेत एक हात पुढे धरला होता, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा. मला आधी वाटलं, दादासाठी. पण दादा आईपेक्षा केवढा तरी उंच होता, आणि तो हात खूप खाली होता, साधारण माझ्या